उघाडीवरचा सर्व्हर

भाड्याच्या सर्व्हरांची तुलना करणं हा माझा कित्येक वर्षांचा उद्योग आहे. एक मोठा संगणक घ्यायचा, त्याचे आभासी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र सर्व्हर म्हणून भाड्याने द्यायचा, याला व्हीपीएस म्हणतात. तुकडे पाडायच्या पद्धती दोन-चार. त्यातली कोणती चांगली यावर मी नाशिकच्या घरात पंख्याखाली बसून लेख लिहितो, तक्ते करतो, हो आणि नाहीचे रकाने भरतो. त्यासाठी घराचा उंबरठा ओलांडायची वेळ कधी आली नव्हती. या भाद्रपदात आली, आणि मी थेट खाडीच्या चिखलात पडलो, म्हणून हे लिहितोय.

निमित्त झालं दर्शनाच्या पत्राचं. रायगडच्या खारेपाटातली ही मुलगी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. कंटेनर आणि केव्हीएम या त्यातल्या दोन पद्धतींच्या तुलनेचा माझा लेख तिने वाचला होता. तिने लिहिलं होतं, "सर, लेख भारी आहे, पण आमचा प्रॉब्लेम तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतो ते कळत नाही. एकदा येऊन बघाल का? राहायची सोय आमच्याकडे. फक्त अमावास्येच्या आधी या." लेख भारी आहे हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुढचं पण वाच ना." पुढचं मला चांगलंच झोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

द्वादशी, रेवस

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या खलाशाला विचारलं, "कितीला सुटणार?" तो म्हणाला, "पानी आलं का." मला वाटलं, टाळतोय. मी पुन्हा विचारलं, "हो, पण किती वाजता?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विडी पेटवली. रेवसच्या बाजूला गाळ फार, ओहोटीला लाँच तिथे लागतच नाही, हे शेवटी शेजारी टोपली घेऊन बसलेल्या कोळणीने समजावलं. नाशिकच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. गोदावरीला पूर येतो, पण ती रोज दोनदा येरझारा घालत नाही.

रेवसच्या धक्क्यावर दर्शना स्कूटर घेऊन उभी होती. गावाकडचा रस्ता उंचावरून जातो. एका हाताला तिवरांची दाटी आणि त्यामागे खाडी, दुसऱ्या हाताला भात. भात नुकतंच निसवलेलं, लोंब्या अजून हलक्या, सरळ उभ्या. मी सहज म्हणालो, "समुद्र जरा वरच दिसतोय."

"दिसत नाही सर, आहेच वर," दर्शना मान न वळवता म्हणाली. "भरतीला आमची शेतं पाण्याच्या खालीच असतात. मधे बांध आहे म्हणून चाललंय."

त्या बांधाला जागोजागी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. पावसाचं साचलेलं पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत लाकडी फळ्या टाकून दार बंद करायचं. उशीर झाला तर खारं पाणी आत. खारं शिरलं की उभं पीक तर जातंच, पण जमीनही पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नाही. बांध आणि उघाडी साऱ्या गावाने मिळून सांभाळायची, या व्यवस्थेचं नाव जोळ.

दर्शनाचे वडील नाना हे जोळाचे उघाडीवाले. पूर्वी ते पत्र्याचा डबा बडवायचे आणि घराघरातून माणसं धावायची. आता अर्धी माणसं कंपन्यांत नाहीतर ट्रकवर, डब्याचा आवाज तिथवर जात नाही. म्हणून दर्शनाने एक स्वस्तातला व्हीपीएस घेऊन त्यावर प्रोग्राम बसवला होता. तो तिथीवरून भरतीची वेळ काढायचा आणि पुनव-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत तासभर आधी सगळ्या घरांच्या फोनवर निरोप पाठवायचा. ज्याला येता येईल त्याने यायचं, नाहीतर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं.

वर्षभर हे चाललं. श्रावणातल्या पुनवेला मात्र निरोप आलाच नाही. सर्व्हर ऐन वेळी बंद पडला, नानांच्या मदतीला माणसं उशिरा पोचली आणि हरीभाऊंच्या शेताचा एक कोपरा खारा झाला. हरीभाऊ जोळाचे पुढारी. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं होतं की सर्वपित्री अमावास्येचं उधाण मोठं असतं, तेवढी एक संधी, आणि परत चुकलं तर यंत्र बंद. दर्शनाने याच कामापायी नवी मुंबईतली नोकरी नाकारली होती. हे तिने स्वतः सांगितलं नाही. तिच्या आईने पाण्याचा तांब्या देता देता सांगितलं, आणि असं सांगितलं की त्यात माझाही काही दोष असावा.

जेवायला घरच्या तळ्यातल्या जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पितृपक्षात मासे बघून मी जरा चपापलो. आमच्याकडे पंधरा दिवस कांदासुद्धा जपून खातात. दर्शनाच्या आई म्हणाल्या, "आमच्याकडं ज्या दिवशी पितरांचं पान, त्या दिवशी पालायचं. रोज पाललं तं खायाचं काय?" मला हा युक्तिवाद फार पटला आणि मी तिसरी भाकरी घेतली.

"सायेब, आता तुमचं सांगा," नाना म्हणाले. "आमच्या पोरीचं यंत्र कसल्या जागंत हाय?"

नाना साठीचे, सडसडीत, पायाच्या बोटांत मिठाने पडलेल्या भेगा. त्यांना कंटेनर म्हणजे काय हे कसं सांगावं याचा मी घासभर विचार केला, पण समोरच खिडकीतून बांध दिसत होता. मी म्हणालो, "नाना, सध्या ते समाईक बांधाच्या आत आहे. एका मोठ्या संगणकात गाभा एकच, तो सगळ्यांचा. आतमध्ये शेताशेतांत असतात तशा नुसत्या मेरा घालून तुकडे पाडलेत. स्वस्त पडतं, हलकं असतं, चटकन सुरू होतं. पण शेजाऱ्याने जास्त पाणी ओढलं की तुमचं रोप सुकतं. पुनवेला तेच झालं. शेजारच्या कुणीतरी सगळी मेमरी खाल्ली आणि तुमचा प्रोग्राम मेला."

"आनि दुसरी पद्धत?"

"दुसरी केव्हीएम. त्यात प्रत्येक शेताला स्वतःचा गोल बांध, स्वतःची उघाडी. शेजारी काय करतो याच्याशी तुमचा फारसा संबंध नाही. या दोन्हींच्या मधली झेन नावाची एक जुनी पद्धत होती. त्यात आपण कुणाच्यातरी जमिनीवर आहोत हे कुळाला माहीत असायचं, आणि दार उघडायचं झालं की तो मालकाला हाक मारायचा."

नानांनी जिताड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "समाईक बांदाला भोक पडलं तं सगल्या गावाला दिसतं. एकल्याच्या बांदाचं भोक एकल्यालाच दिसनार."

मी म्हणालो, "नाना, केव्हीएममध्ये भोकं पडत नाहीत." आज हे वाक्य लिहिताना मला कानकोंडं होतं.

दुपारी दर्शनाचा सर्व्हर उघडून बघितला आणि माझ्या लेखातला प्रत्येक मुद्दा खरा निघाल्याने हरखून गेलो. जागा खचाखच भरलेली, मेमरी दिली म्हणतात तेवढी प्रत्यक्षात नाहीच. घड्याळसुद्धा चुकीचं. कंटेनरमध्ये घड्याळ मूळ यंत्राचं असतं, भाडेकरूला ते हलवता येत नाही, आणि त्या यंत्राच्या मालकाने ते कधी जुळवलंच नव्हतं. दर्शना तेव्हा निरोप पाठवणाऱ्या कंपनीशी फोनवर हुज्जत घालत होती. मी माझ्या तक्त्यात लिहिलं, "घड्याळ स्वतःच्या हातात: नाही." किती पुढे आहे ते लिहिलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता. तिलाही सांगितलं नाही. उद्या सगळं बदलायचंच होतं.

त्रयोदशी, चौल

केव्हीएमचा नवा सर्व्हर सकाळी घेतला. पहिलं काम काय केलं असेल तर घड्याळ सेकंदापर्यंत जुळवलं. दर्शनाने आपला सगळा बाडबिस्तरा तिकडे हलवला. पण निरोपाच्या कंपनीने नव्या सर्व्हरचा पत्ता मंजूर करायला एक दिवस मागितला. नाना चौलला बहिणीकडे निघाले होते, त्यांच्या एसटीत मीही चढलो.

चौल म्हणजे वाड्यांचं गाव. नारळ, सुपारी, त्याखाली केळी, आणि खाली एवढी सावली की भर दुपारी अंगावर गारवा येतो. एके काळी इथे दूरदेशीची गलबतं लागायची म्हणे. आता बंदर गाळाने बुजलंय, पण त्याचं दुःख कुणाच्या तोंडावर दिसलं नाही. नानांच्या बहिणीने शहाळं दिलं, वर खोबऱ्याची वडी दिली आणि माझा पगार विचारला. मी सर्व्हरवर लेख लिहितो हे ऐकून त्यांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "शिकलेला मानूस हाय."

परतताना एसटीत नानांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती वेळ. वर त्यांच्या खाडीचा अर्धा तास. "आज तेरस. तेराची पाऊनपट पावनेधा. वर अर्धा, सव्वाधा. रोज एक तिथी, रोज पाऊन तास पुढं." मी फोनवर भरतीचं कोष्टक उघडून पडताळलं, फरक अगदी किरकोळ निघाला. मला खरंच फार आनंद झाला. नाशिकला जाऊन कुणाला हे कौशल्य दाखवणार हा प्रश्न होता, तरी आनंद झाला.

चतुर्दशी, बांधावर

त्या दिवशीची भरती होऊन गेल्यावर कंपनीची मंजुरी आली. दर्शनाने चाचणीचा निरोप पाठवला आणि गावभर फोन वाजले. हरीभाऊंनी स्वतः येऊन विचारलं, "उद्या नक्की?" मी म्हणालो, "शंभर टक्के." हरीभाऊ बुटके, पांढऱ्या मिशा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. ते एवढंच म्हणाले, "बगू."

मी शहाण्यासारखा दर्शनाचा प्रोग्रामही ओळीने वाचला. नीटनेटका होता. एका ठिकाणी तिथीत एक मिळवलेला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "नानांची दुरुस्ती." आमच्या धंद्यात असा भटका एक सगळीकडे सापडतो. कुणी घातला ते आठवत नाही, काढायची हिंमत होत नाही. म्हातारा माणूस, काहीतरी समाधान हवं असेल, असं म्हणून मी पुढे गेलो. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. पण मी तज्ज्ञ होतो, आणि तज्ज्ञाला विचारायची लाज वाटते.

संध्याकाळी नानांबरोबर बांधावर फिरलो. ते खेकड्यांची बिळं बघत, टाचेने चिखल दाबत चालले होते. उघाडीला लागूनच त्यांचं स्वतःचं शेत. त्यांनी एक लोंबी हातात घेऊन दाणा नखाने फोडला, आतून दूध आलं. "आजून पंधरा दिस," ते म्हणाले. "येवढे पंधरा दिस खारं लागू नये."

अमावास्या

सर्वपित्री. सकाळपासून गावभर तळणाचा वास. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, अळू. आमच्याकडे श्राद्धाला गुरुजींची वाट बघण्यात भुकेने जीव कातावतो, इथे कावळ्याची आणि भरतीची दोन्हींची वाट बघायची होती. गणिताने भरती पावणेबाराची, म्हणजे निरोप पावणेअकराला. नाना सकाळीच उघाडीवर गेले होते.

पावणेअकरा वाजले. फोन गप्प. पाच मिनिटं गेली. दर्शनाच्या आईने चुलीवरची कढई उतरवून आमच्याकडे बघितलं. दर्शनाने लॅपटॉप उघडला. सर्व्हर जिवंत, मेमरी रिकामी, प्रोग्राम चालू, घड्याळ काट्यावर. सगळं बरोबर होतं. काही बिघडलेलं दिसलं असतं तर मला हायसं वाटलं असतं.

"सर, मी हाताने पाठवते," म्हणून ती टाइप करायला लागली आणि अर्ध्यात थांबली. "नाना एकटेच आहेत तिकडे." लॅपटॉप तसाच टाकून ती पळाली. मी मागे.

बांधावरून पळणं हे काम पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या माणसाचं नव्हे. दोनदा घसरलो, दुसऱ्यांदा पार कमरेपर्यंत. उघाडीवर पोचलो तर नाना गुडघाभर पाण्यात. निरोप आला नाही म्हणून ते थांबले नव्हते. आपल्या गणिताने त्यांनी एकट्याने फळ्या टाकायला सुरुवात केली होती. खालच्या बसल्या होत्या. वरची फुगून आडवी अडकली होती आणि तिच्या फटीतून खाडीचं पाणी जाड पट्ट्याने आत, सरळ त्यांच्याच भाताकडे चाललं होतं.

"मानसं कुटं हायेत?" नाना ओरडले.

कोपऱ्यात जुना पत्र्याचा डबा टांगलेला होता. दर्शनाने तो काढला आणि जिवाच्या आकांताने बडवायला लागली. मी आणि नाना फळीवर भार देऊन उभे. पाणी एवढ्या जोराने ढकलत होतं की माझे दात एकमेकांवर आपटत होते. मी भ्यालो होतो, आणि फळीपेक्षा त्या दुधाळ दाण्यासाठी जास्त भ्यालो होतो. माझ्या शंभर टक्क्यांचं काय ते आता समोर वाहत होतं.

मग माणसं आली. हाताला वड्याचं पीठ तसंच, कुणाच्या खांद्यावर सोवळ्याचा पंचा, दोन बायका पदर खोचून. हरीभाऊ सगळ्यांच्या पुढे. सात-आठ जणांनी फळी उचलली, सरळ केली आणि घणाने ठोकून बसवली. बायकांनी फटीत चिखलाची ढेकळं कोंबली. पट्टा बारीक झाला, मग ठिबकायला लागला, मग थांबला. आत आलेलं पाणी शेताच्या चरातच राहिलं होतं, भाताच्या मुळाशी पोचलं नव्हतं. नानांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "च्यारातच हाय. ओटीला सोडून देऊ."

सगळे धापा टाकत बसले असताना, बरोबर साडेअकराला, बांधावरचे झाडून सगळे फोन एकदम वाजले. निरोप होता: एका तासात भरती, उघाडी बंद करा.

मग एक बाई फस्सकन हसली, तिच्यामागे दुसरी. हरीभाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

दर्शना फोनकडे बघत म्हणाली, "पाऊण तास. बरोबर पाऊण तास लेट."

"एक तिथी," नाना म्हणाले.

तेवढ्यात तिचा चेहरा पालटला. "नानांची दुरुस्ती!" ती म्हणाली, आणि मग सगळं बाहेर आलं. प्रोग्राम नवा असताना निरोप दर वेळी पाऊण तास आधी यायचा. माणसं उगाच उन्हात ताटकळायची. पाऊण तास म्हणजे या लोकांच्या हिशोबात एक तिथी. घड्याळ चुकलं असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण भरतीची चूक तिथीचीच असते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. नाना म्हणाले होते की यंत्राचं पंचांग वेगळं दिसतं, एक तिथी मागे चालतं, एक मिळव. तिने मिळवला आणि निरोप वेळेवर यायला लागले. पुढे असलेलं घड्याळ आणि वाढवलेली तिथी एकमेकांना वर्षभर सांभाळून घेत होती. मी येऊन घड्याळ सुधारलं आणि तिथी तशीच ठेवली.

"मी ती ओळ वाचली होती," मी म्हणालो. "घड्याळ पुढे आहे हेही बघितलं होतं. दोन्ही मलाच माहीत होतं आणि मी कुणाला विचारलं नाही. चूक माझी आहे, दर्शनाची नाही." अंगावरचा चिखल वाळून चरचरत होता. एवढ्या माणसांसमोर चूक कबूल करायची माझी ही पहिलीच वेळ, कारण लेखातल्या चुका मी गुपचूप दुरुस्त करतो.

हरीभाऊ म्हणाले, "आदी पान वाढा. कावला थांबलाय. मंग बगू."

दुपारी देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. जेवणं झालेली, तरी वातावरण घट्ट होतं. एकजण म्हणाला, यंत्र नको, डबाच बरा. दर्शना खाली मान घालून बसली होती. तिची आई खांबाआड उभी होती, आणि नोकरीबद्दल बोलताना होता तो तोरा आता तिच्या तोंडावर नव्हता, नुसती काळजी होती.

नाना उठले. "पंचांग येगलं हाय आसं मीच बोललो," ते म्हणाले. "पोरीनं माजं ऐकलं, सायबानं कोनाचंच ऐकलं न्हाय. पन मला येक सांगा. बांदाला आपन पाली लावतो. उघाडीला पाली हाय. रोज येका घरचा मानूस जाऊन बगतो. यंत्राला कोनाची पाली व्हती? वरीसभर त्याचं घड्याल चुकीचं चाललं, कोनी बगितलं? आपन त्याला उघाडीवर ठेवला आनि जोलात घेतला न्हाय."

मी इतकी वर्षं लिहितोय की चांगला सर्व्हर तो ज्याच्याकडे बघावं लागत नाही. केव्हीएम घेतला म्हणजे बांध आपला, घड्याळ आपलं, आणि त्यातली चूक बघायलाही आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही, हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

हरीभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "ठरलं. रोज येक घर. यंत्र काय वेल सांगतंय ती बगायची, उघाडीवर पानी कुटं हाय ते नानाला इचारायचं, आनि जुललं का न्हाय ते दर्शनाला सांगायचं. जो चुकवंल त्याला बांदावर येक दिस जास्ती." मग त्यांनी घरांची नावं सांगायला सुरुवात केली आणि दर्शना भराभरा लिहून घ्यायला लागली. खांबाआडून तिची आई पुढे आली आणि तिच्या शेजारी बसली.

षष्ठीपर्यंत घरं लावून झाली तेव्हा मधे पंचमी मोकळी राहिली होती. हरीभाऊ माझ्याकडे वळले. "पंचमी नाशिकवाल्यांची."

मी म्हणालो, "अहो, मी तर उद्या जाणार."

"जावा की. यंत्र तिकडनं दिसतं का न्हाय?"

"दिसतं."

"मंग?"

पंचमी, नाशिक

प्रतिपदेला निरोप मिनिटभरही न चुकता आला, तो बघूनच मी निघालो. नव्या सर्व्हरवर दर्शनाने घड्याळ आपोआप पडताळायची सोय बसवली आहे. तिथीतला एक तिने काढला, पण "नानांची दुरुस्ती" ही अक्षरं पुसली नाहीत, खाली कारण लिहिलं. माझा तुलनेचा लेख मी पुन्हा लिहायला घेतलाय. अजूनही माझं मत केव्हीएमच्याच बाजूने आहे, आणि चांगला मालक असेल तर कंटेनरसुद्धा वाईट नाही हेही खरंय. फक्त हो आणि नाहीचे रकाने काढून टाकलेत. त्यांच्या जागी काय घालायचं ते अजून सुचलेलं नाही.

आज माझी पाळी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, वर अर्धा तास, सव्वाचार. बायको म्हणाली, "चहा घे आधी." मी म्हणालो, "भरती होऊ दे." तिने माझ्याकडे काळजीने बघितलं. सर्व्हर उघडला, त्याने सव्वाचारच सांगितलं. नानांना फोन लावला. पलीकडून वारा आणि पाण्याचा आवाज.

"नाना, पंचमी. नाशिकवाले बोलतोय. यंत्र सव्वाचार म्हणतंय. पाणी कुठे आहे?"

"वरच्या फलीच्या खाली चार बोटं," नाना म्हणाले. "थांबलंय. आता परतंल. जुललं."

मी ते दर्शनाला लिहून पाठवलं. फोन ठेवणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "सायेब, दाना भरतोय. भात वाकायला लागलंय."

इतकी वर्षं मी सर्व्हर बघतोय. त्यांच्या मागे काय उभं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.